अलार्म वाजला तर उठणार कोण?

पत्र:

ताई, माझे बाबा ७७ वर्षांचे आहेत. बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपोला, २००६ मध्ये रिटायर झाले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगितलं. आईबाबा आमच्याकडेच असतात, मुलुंड पूर्वेला, तिसरा मजला, वन बीएचके. मी फोर्टला नोकरीला, नवऱ्याच्या शिफ्ट, आईचे गुडघे कामातून गेलेले. गेल्या महिन्यात बाबा दोनदा संध्याकाळी कुणाला न सांगता बाहेर पडले, दुसऱ्या वेळी रात्री साडेनऊला ठाणे स्टेशनवर सापडले, ड्युटीला उशीर झाला म्हणत होते. एकदा चहाचं भांडं गॅसवर जळून काळंठिक्कर झालं. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो चार कॅमेरे, जीपीएस घड्याळ, स्मार्ट लॉक सगळं लावून टाक, पैसे मी देतो. आई म्हणते घराचा तुरुंग करू नका. दोघांच्या मध्ये माझी कुतरओढ चाललीय. नक्की काय घेऊ?
– एक मुलगी, मुलुंड

उत्तर:

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ अगं-तुगं करते, चालेल ना. तुझं पत्र वाचून मला आमचं गिरगावचं घर आठवलं, सासूबाईंना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश होता (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार), पाच वर्षं आम्ही हेच सगळं केलंय, बरंच चुकलंय पण, म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे भावाने सांगितलेली खरेदी एक आठवडा थांबव. एक साधी वही घे आणि आठ दिवस आईला आणि तुला जमेल तसं लिहीत जा, बाबा किती वाजता अस्वस्थ झाले, दाराशी किती वाजता गेले, काय म्हणाले, रात्री किती वेळा उठले, किचनमध्ये कधी गेले. कारण तुझ्या पत्रातच बघ ना, दोन्ही वेळा ते संध्याकाळीच बाहेर पडलेत. डिमेन्शियामध्ये दिवस कलायला लागला की बेचैनी वाढते, हे खूप घरांत होतं, आणि तुझे बाबा काही उगाच भटकत नाहीयेत, ते ड्युटीवर निघालेत. तीसेक वर्षं अंगात भिनलेलं असतं ते. त्यामुळे त्यांना 'कुठे चाललात, बसा गपचूप' म्हटलं की त्यांच्या दृष्टीने आपण त्यांचा खाडा करतोय. माझं ऐकशील तर साडेचारच्या सुमाराला, म्हणजे ती हुरहुर सुरू व्हायच्या आधीच, कुणीतरी त्यांना खाली बसस्टॉपपर्यंत नेऊन आणावं, दोन बस जाऊ द्याव्यात आणि परत यावं. आईला गुडघ्यांमुळे जमणार नाही हे कळतंय मला, पण बिल्डिंगमधला कॉलेजचा एखादा मुलगा किंवा तासाभरासाठी एखादी मावशी महिन्यावर ठेवलीस तरी त्या चार कॅमेऱ्यांपेक्षा जास्त उपयोग होईल. आणि घरात त्यांचं जुनं काही असेल, तिकिटांचा पत्र्याचा डबा, तो टिकटिक करणारा पंच, चामड्याची पिशवी, तर माळ्यावरून काढ आणि त्यांच्या हाताशी ठेव. सासूबाईंना आम्ही संध्याकाळी वाल सोलायला द्यायचो, बोटं कामात असली की पाय दाराकडे वळायचे नाहीत.

आता वस्तूंकडे येते. कुठलंही यंत्र घ्यायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, हे वाजलं की उठणार कोण आणि किती मिनिटांत पोचणार? तू फोर्टला आहेस, तुझ्या फोनवर 'दार उघडलं' असा मेसेज आला तरी तिथून मुलुंडला पोचायला तुला तासभर तरी लागेल, तेवढ्यात बाबा लोकल पकडून कल्याणला पोचलेले असतील. म्हणजे तो मेसेज तुला फक्त घाबरवेल. वाजायला पाहिजे ते आईच्या कानाशी, आणि दुसरा फोन जायला पाहिजे वॉचमनला.

म्हणून दारासाठी सगळ्यात साधी वस्तू घे, लोहचुंबकवाला डोअर सेन्सर. एक तुकडा चौकटीला, एक दाराला, दार उघडलं की दोन तुकडे लांब जातात आणि बेल वाजते, बस एवढंच. साधा सेल घालून चालतो आणि फार महाग पण नसतो. फक्त त्यातला असा प्रकार बघ ज्याची बेल वेगळी असते आणि घरात कुठेही ठेवता येते, ती आईच्या खुर्चीपाशी ठेव आणि आवाज साध्या दारावरच्या बेलसारखा मंजूळ निवड. दारावरच कर्कश सायरन वाजला ना तर माणूस दचकतो, पडतो किंवा घाबरून जिना उतरायला धावतो. वायफायवर चालणारं घेतलंस तर लाइट गेली की राउटर बंद आणि ते पण बंद, हे लक्षात ठेव. मुंबईत लाइट फारशी जात नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तशा दिवशी पण वाजलं पाहिजे. राउटरला छोटा यूपीएस बसवता येतो, तो बसव, पण दाराची बेल सेलवरचीच ठेव.

स्मार्ट लॉकला माझा स्पष्ट नकार आहे, आणि इथे मी आईच्या बाजूने आहे. ज्याला पासवर्ड आठवत नाही त्याला आत अडकवणारं कुलूप लावायचं आणि घरात आग लागली किंवा आईच पडली तर? बाहेरून कुलूप घालून त्यांना एकटं ठेवणं तर कधीच नको, अगदी दहा मिनिटं दूध आणायला सुद्धा. त्याऐवजी सेफ्टी डोअरला एक जादा कडी अगदी वर किंवा अगदी खाली लावून घे, जिथे त्यांची नजर सहज जात नाही, आई किंवा तू घरात असताना ती लावायची. चपला दारातून हलव, छत्री आणि पिशवी खुंटीवरून काढ. चप्पल दिसली की बाहेर जायचं आठवतं त्यांना, हे मी शंभरदा बघितलंय.

जीपीएसबद्दल मात्र भाऊ बरोबर आहे, फक्त त्याला वाटतंय तेवढं ते सोपं नाहीये. आमच्याकडे सासूबाईंसाठी गळ्यात घालायचा ट्रॅकर घेतला होता. दुपारी मी ऑफिसमधून बघितलं, नकाशावर ठिपका घरातच, मी निवांत. चार वाजता शेजारच्या काकूंचा फोन, दार सताड उघडं आहे. सासूबाई चर्नी रोडच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलेल्या सापडल्या, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, आणि ट्रॅकर कुठे, तर देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या गळ्यात. त्यांना ते लॉकेट वाटलं होतं, चांगली वस्तू आधी देवाला, आयुष्यभराची सवय. चूक त्यांची अजिबात नव्हती, चूक माझी, मी त्यांना सवय नसलेली वस्तू अंगावर घातली. म्हणून सांगते, जे बाबांच्या अंगावर रोज असतंच त्यातच ट्रॅकर गेला पाहिजे. कंडक्टर माणूस म्हणजे मनगटावर घड्याळ असणारच, असेल तर घड्याळाच्या आकाराचा घे, त्याच हाताला, शक्यतो तशाच पट्ट्याचा. घड्याळ काढून ठेवायची सवय असेल तर शर्टाच्या आतून खिसा शिवून घे, बेल्टमध्ये बसव, काहीही.

घेताना दुकानदाराला हे विचारच. त्यात सिम कुठलं चालतं, कारण बरेच स्वस्तातले ट्रॅकर टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, मग जिओचं सिम घातलंस तर डबडं नुसतं पडून राहील. चार्जिंग किती तास टिकतं, आणि ते रोज रात्री चार्जिंगला लावायचं काम कुणाचं, त्या माणसाचं नाव आजच ठरव. ठिकाण दर किती मिनिटांनी पाठवतं. बिल्डिंगच्या आत, सबवेमध्ये, स्टेशनच्या छपराखाली जीपीएसला आकाश दिसत नाही, तेव्हा ठिपका चुकतो किंवा जुन्याच जागी थांबून राहतो. 'घराबाहेर गेले की कळवा' अशी सीमा आखून देता येते पण ती अगदी बिल्डिंगपुरती आखलीस तर बाबा पलंगावर झोपलेले असताना पण दिवसातून दहा वेळा वाजेल, आणि चार दिवसांनी तू ते बंद करून टाकशील, म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत तरी मोठी ठेव. चावीला लावतात ते ब्लूटूथ टॅग स्वस्त आणि सेल महिनोन्महिने चालतो, पण ते स्वतः ठिकाण सांगत नाहीत, आजूबाजूच्या लोकांच्या फोनवरून कळतं, मुंबईच्या गर्दीत बऱ्यापैकी जमून जातं पण भरवसा फक्त त्याच्यावर ठेवू नको. आणि बाबा फोन वापरत असतील तर व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासच चालतं, गूगल मॅप्समध्ये आपण बंद करेपर्यंत चालू राहील असं शेअरिंग करता येतं, ते कर.

आणि हे सगळं असलं तरी शर्टाच्या खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड हवंच. नाव, 'मला विसरायला होतं, कृपया या नंबरवर फोन करा', आणि दोन मोबाइल नंबर. पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबर घालू नको. ज्याच्याशी गाठ पडेल त्या रिक्षावाल्याला, टीसीला ते लगेच वाचता येतं, त्याला ना चार्जिंग लागत ना नेटवर्क.

गॅसचं मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं कारण तिथे तुम्ही सगळेच आहात, शेजारी पण. तुला वाटेल वास आला की बाबांना कळेल, पण अल्झायमरमध्ये वासाची जाणीव बरेचदा लवकरच कमी होते, त्यामुळे त्यांच्या नाकावर अवलंबून राहू नको. तुमच्याकडे पाइप गॅस आहे की सिलिंडर ते तू लिहिलं नाहीस, आणि फरक मोठा आहे. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून त्याचा गॅस डिटेक्टर छताजवळ लावायचा. सिलिंडरचा गॅस जड, खाली जमिनीवर साचतो, त्याचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. उलटं लावलंत तर वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय नुसता डिटेक्टर फक्त ओरडतो, गॅस बंद करत नाही, बंद करायला त्याला जोडलेला वेगळा व्हॉल्व्ह लागतो आणि पाइप गॅसला असलं काही बसवायचं तर गॅस कंपनीच्या माणसाकडूनच, नाक्यावरच्या प्लंबरकडून नाही.

पण तुमच्याकडे गळती झालीच नव्हती ना, चालू गॅसवर चहा विसरला होता. त्याला डिटेक्टर काही करणार नाही. ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणाऱ्या शेगड्या मिळतात, त्या चांगल्या, पण ज्योत पेटलेलीच राहिली तर त्या पण गप्प. अशा वेळी टायमरवाला नॉब कामाचा, ठरलेल्या वेळेनंतर बंद होतो. आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे तुझं जेवणखाण आटपलं की शेगडीच्या मागचा कॉक बंद करायचा, बाबांनी नॉब फिरवला तरी गॅस येणार नाही. इंडक्शन घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात घे, त्यांना आता नवीन बटणं शिकणं जड जाणार, आणि इलेक्ट्रिक किटली तर बघून गॅसवरच ठेवतात अशी माणसं, प्लॅस्टिकसकट. त्यांना चहा हवा असतो ना दुपारचा? सकाळीच करून थर्मासमध्ये भरून ठेव, शेजारी त्यांचा कप. स्वतःच्या हाताने ओतून पितील, चहा केल्याचं समाधान पण मिळेल.

रात्रीसाठी पलंगापासून बाथरूमपर्यंत माणूस हलला की लागणारे छोटे दिवे लाव, तिथलं पायपुसणं काढून टाक, गीझरचं तापमान कमी करून ठेव आणि बाथरूमची आतली कडी काढून टाक. एवढं या वीकेंडलाच होईल.

कॅमेऱ्याचं जरा थांबून सांगते. चार नकोत. एक, फार तर दोन, मुख्य दार दिसेल असा आणि किचनचा ओटा दिसेल असा. बेडरूममध्ये नाही आणि बाथरूमच्या जवळपास तर अजिबात नाही. आई दिवसभर त्या घरात वावरते, तिचं पण ते घर आहे, ती केस विंचरते, साडी बदलते, मनातल्या मनात बडबडते, ते न्यू जर्सीत बसून कुणी बघतंय म्हटल्यावर तिला तुरुंग वाटणारच. आईला आधी विचार, कुठे लावला तर चालेल, आणि तिच्या हातात तो बंद करायचं बटण असू दे. मावशी ठेवलीस तर तिला पहिल्या दिवशीच दाखव. बाबांना पण विचार, सकाळी ते जरा ताळ्यावर असतात तेव्हा, 'बाबा, दारात एक कॅमेरा लावते, तुम्ही बाहेर पडलात की मला कळेल, लावू ना?' उद्या त्यांना आठवणार नाही तरी आज विचारलेलं त्यांच्याशी नीट वागणं आहे. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदल, आणि कॅमेऱ्यातून बोलायची सोय असते ती बंदच ठेव. आमच्या भाच्याने एकदा प्रेमाने कॅमेऱ्यातून 'आजी, गोळी घेतलीस का' विचारलं, तर त्या इतक्या घाबरल्या, कपाटामागे, पडद्यामागे आवाज शोधत राहिल्या, आणि पुढे कितीतरी दिवस त्या खोलीत बसायला तयार नव्हत्या. ज्याला समोरचा माणूस ओळखणं कठीण, त्याच्याशी भिंत बोलायला लागली तर काय होईल विचार कर.

भावाचा पैसा घे, पण त्याच्याकडून वेळ जास्त घे. आपल्याकडे पहाटेचे दोन वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची दुपार असते, साडेतीन-साडेचार. तुम्ही सगळे गाढ झोपेत आणि तो टक्क जागा. रात्री अकरा ते सकाळी सहा दाराच्या कॅमेऱ्याची सूचना त्याच्या फोनवर जाऊ दे, हालचाल दिसली की तो तुझ्या किंवा नवऱ्याच्या फोनला रिंग देईल, तेवढा एक नंबर रात्री सायलेंटवर जाणार नाही असं सेटिंग करून ठेव. त्याला पण लांबून नुसती काळजी करण्यापेक्षा हातात काहीतरी काम मिळेल, मला तर वाटतं एवढ्या वस्तूंची यादी त्याने त्याच अस्वस्थतेतून पाठवलीय.

तरीही बाबा निसटलेच कधी तर चोवीस तास थांबावं लागतं हे कुणी सांगितलं तर ऐकू नको, असा कुठलाही नियम नाही, लगेच ११२ ला फोन आणि जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार. रेल्वेसाठी १३९. रोज सकाळी कपडे घालून झाले की त्यांचा एक फोटो काढायची सवय लाव, कारण ऐन वेळी 'शर्ट कुठला होता' हे कुणालाच आठवत नाही. आणि शोधायला निघालात तर आधी मुलुंड डेपो, मग वडाळ्याच्या दिशेच्या बसचे स्टॉप. डेपोत जाऊन आताच सांगून ठेव, जुन्या कंडक्टरला ते लोक परकं मानणार नाहीत. वॉचमन, रिक्षा स्टँड, खालचा किराणावाला, सगळ्यांना बाबांचा आजार सांग. यात लाज कसली, देशात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मधला अंदाज आहे, तुमच्या सोसायटीत पण दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असेलच, तू बोललीस तर ते पण बोलतील.

एक डॉक्टरी गोष्ट. बाबा दोन-चार दिवसांत अचानक खूप बिघडले, भलतंच बोलायला लागले, दिवसा झोपून राहायला लागले, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नको, लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, नवीन गोळी, पडून डोक्याला लागलेलं, असं काहीही असू शकतं आणि त्यावर उपाय असतो, लगेच दाखव. आणि आईच्या विश्रांतीचं पण बघ. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनची डिमेन्शियासाठी डे केअर सेंटर आहेत, अल्झायमर सोसायटीचा मुंबई विभाग आहे, तिथे चौकशी कर, ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन १४५६७ आहे. आठवड्यातले दोन दिवस जरी बाबा तिकडे गेले तरी आईला दुपारी आडवं व्हायला मिळेल.

दर दोन-तीन महिन्यांनी ती वही परत काढ. आज दाराची काळजी आहे, उद्या बाबा दारापर्यंत जाणार पण नाहीत आणि काळजी पलंगावरून पडण्याची असेल, तेव्हा आजचा सेन्सर काढून टाकावा लागेल.

तर या शनिवारी वही, कार्ड, वरची कडी, गॅसचा कॉक. पुढच्या शनिवारी वहीत बघून डोअर सेन्सर आणि घड्याळ. आणि रविवारी भावाला फोन करून सांग की रात्रपाळी त्याची. तिकिटांचा डबा माळ्यावर सापडला तर मला नक्की कळव.